दुसरी फेरी

"दिसणार नाही म्हणजे काय, नौशाद? केबल काय आम्ही शोभेला घेतलीय?"

नौशाद आमच्या पायरीवर उभा होता आणि आत यायला तयार नव्हता. हिंगणवाडीत बारा वर्षं त्याची केबल चालू होती. वादळात तार तुटली तर भर पावसात खांबावर चढणारा हा माणूस; पण त्या शुक्रवारी तो कोंबडी चोरताना सापडल्यासारखा उभा होता.

"अक्का, माझ्या हातात काय बी न्हाई. औंदा कुस्त्यांचं हक्क एकाच चॅनेलनं घेतल्यात. आन त्ये चॅनेल फकस्त त्येंच्या सवताच्या डिशच्या छत्रीवर दिसतंय. केबलला द्यायचंच न्हाई म्हणत्यात. तीन डाव फोन केला म्या."

"मग छत्री घेऊ."

"विट्यात संपल्यात. समद्या तालुक्यानं एकदमच मागितल्या. पंधरा दिसांनी येत्यात म्हणं."

"फायनल परवा आहे."

"त्येच तर," नौशाद म्हणाला आणि खाली बघत राहिला.

आतून आप्पांचा आवाज आला, "कोण हाय गं? नौशाद का? चित्र नीट कर म्हणावं उद्याच्याला, मुंग्या नकोत."

नौशादनं माझ्याकडं बघितलं, मी नौशादकडं. शेवटी मलाच आत जाऊन सांगावं लागलं.

आप्पा म्हणजे माझे वडील, शिदू वस्ताद. चाळीस वर्षं त्यांनी गावची तालीम चालवली. साखरेच्या आजारानं सात वर्षांआधीच त्यांचे डोळे नेले होते आणि कुस्त्यांच्या त्या महिन्यात पायाची दोन बोटंही नेली. डॉक्टरांनी महिनाभर पाय जमिनीला लावायचा नाही असं बजावलं होतं. आणि नेमकं त्याच महिन्यात त्यांचा चेला सर्जेराव राज्य अजिंक्यपदाच्या उपांत्य फेरीत पोचला होता. सर्जाचे आईवडील ऊसतोडीला जाणारे. दहा वर्षांचं पोर त्यांनी आमच्या दारात आणून सोडलं ते आमचंच झालं. आमच्या तालमीतलं कुणी आजवर इतक्या लांब गेलं नव्हतं. आप्पा दवाखान्यातून घरी आले ते फक्त या एका कुस्तीच्या ओढीनं, हे मला ठाऊक होतं आणि डॉक्टरांनाही ठाऊक होतं.

आंधळ्या माणसाला टीव्ही कशाला, असं कुणी म्हणेल. तर टीव्ही बघायची मी, आणि कुस्ती सांगायची आप्पांना. सात वर्षं हा उद्योग चालला होता. पहिल्या पहिल्यांदा फार भांडणं व्हायची. मी म्हणायची, "डावा पाय धरला," आप्पा विचारायचे, "कुणाचा डावा? पैलवानाचा का तुझा?" मी गडबडायची, तोवर कुस्ती संपलेली असायची. शेवटी आम्ही आमच्यापुरती एक सोय काढली. आमचा टीव्ही माजघराच्या कोनाड्यात. त्याच्या एका अंगाला बाहेरचं दार, दुसऱ्या अंगाला चूल. मग डावं-उजवं सोडून मी दार आणि चूल यांवर कुस्ती सांगू लागले. "निळ्यानं चुलीकडून आत शिरून पाय धरला. ओढतोय दाराकडं. उंबऱ्यावर आले दोघं." उंबरा म्हणजे मॅटची कड. आप्पांना सगळं लख्ख दिसायचं. मी चुकले तरी त्यांना कळायचं. "असं हुईलच कसं? पुन्यांदा बग," म्हणायचे, आणि मी खरंच चुकलेली असायची.

तर गावानं आधी नौशादला शिव्या घातल्या, मग चॅनेलला, मग सरकारला. मी स्वतः त्या कंपनीला फोन लावला. एका मुलीनं गोड हिंदीत माझी गैरसोय झाल्याबद्दल खेद व्यक्त केला आणि छत्री घ्यायला सांगितलं. मी म्हटलं, "बाई, पोरगा आमचा, तालीम आमची, घाम आमचा, आणि बघायला तुमची परवानगी?" तिनं पुन्हा खेद व्यक्त केला. खेदाचा साठा मात्र त्यांच्याकडं भरपूर होता.

शनिवारी उपांत्य फेरी. गावचे तीसेक गडी टेम्पोनं सोलापूरला गेले होते. त्यांच्यातल्या तुकारामला मी पढवून ठेवलं होतं, फोनवरून आप्पांना नीट सांग म्हणून. तुकारामनं सांगितलेली कुस्ती अशी होती: "वस्ताद, सुरू झाली... आं... अरं धर! धर धर धर... आयला!... मार! अरं मार की! ... भलेऽऽ!" मग नुसता कल्लोळ. मग, "वस्ताद, जिंकला आपला!"

"कशानं जिंकला?" आप्पांनी विचारलं.

"कशानं म्हंजी? जिंकला की!"

आप्पांनी फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. सर्जा फायनलला गेला त्या संध्याकाळी आमच्या घरात सुतक असल्यासारखं होतं. जेवायला बोलावलं तर म्हणाले, "भूक न्हाई."

तिथंच माझं डोकं फिरलं. मी ताट त्यांच्यासमोर आदळलं. "जेवा. उद्या मी जाते सोलापूरला."

"तू?"

"मी. तिथं बसते आणि फोनवर सांगते. जशी इथं सांगते तशी."

"बाईमाणूस मैदानात?" आप्पा उठून बसायला लागले. "शालन, वेडी का काय? आपल्या घरातली बाई कधी तालमीची पायरी चढली न्हाई."

हे खरं होतं. तालीम आमच्या घरापासून चाळीस पावलांवर, पण तिची लाल माती मी दाराच्या फटीतूनच बघितलेली. रोज पहाटे दुधाचा तांब्या तालमीच्या पायरीवर ठेवायचा आणि मागं फिरायचं, हा आमच्या घरच्या बायकांचा नेम. आई गेल्यावर तो माझ्याकडं आला.

"मैदान नाहीच ते," मी म्हटलं. "स्टेडियम आहे. वर छप्पर, खाली खुर्च्या. माती नाही, गादी आहे. आणि बायकांना बसायला वेगळी जागा आहे, तुकारामला विचारलंय मी."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना छत्री मिळाली नाही, त्यांना म्हणायला दुसरं खूप आहे."

आप्पांनी ताट पुढं ओढलं. मग त्यांनी भाकरी मोडली. "फोनला चार्जिंग पुरंल का?" एवढंच त्यांनी विचारलं.

*

रविवारी सकाळच्या एसटीनं निघाले आणि दुपारी स्टेडियममध्ये पोचले. नौशाद घरी आप्पांपाशी बसला होता. फोन त्याच्याकडं, आवाज मोठा करून. सर्जाला मी आलेय हे सांगितलं नव्हतं. उगाच त्याचं लक्ष विचलित व्हायला नको.

फाटकावरच मोठा फलक होता. आत थोड्या थोड्या वेळानं भोंग्यावर तेच सांगत होते: प्रक्षेपणाचे सर्व हक्क राखीव आहेत, मोबाईलवरून चित्रण किंवा धावतं वर्णन करताना कुणी आढळल्यास स्टेडियमबाहेर काढण्यात येईल. चित्रणाचं समजू शकतं. पण धावतं वर्णन? मुलीनं बापाला कुस्ती सांगायची नाही, हा हक्क यांनी कुणाकडून विकत घेतला, ते मला कळेना. मला राग आला की माझा आवाज खाली जातो, मी शिकवते त्या शाळेतल्या पोरांना विचारा. मी डोक्यावरून पदर घेतला, फोन पदराआड कानाला लावला आणि बायकांच्या कठड्यामागच्या दुसऱ्या रांगेत बसले. आम्ही बायका सगळ्या मिळून चौदा होतो. आमच्यावर नजर ठेवायला खाकी कपड्यातली एक सुरक्षारक्षक बाई होती, छातीवर 'म्हेत्रे' अशी पट्टी.

पाचच्या सुमारास सर्जा लाल कपड्यात आला. समोरचा पैलवान निळ्यात, सर्जापेक्षा चार बोटं उंच, मान खांबासारखी. पलीकडच्या बाजूला आमचे तीस गडी "भलेऽऽ" करून ओरडले. निळ्याच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या.

"आप्पा, आले दोघं," मी म्हटलं. "लाल दाराकडं उभा. निळा चुलीकडं."

"दिसलं," आप्पा म्हणाले.

कुस्ती लागली. मी सांगत गेले आणि थोड्याच वेळात आजूबाजूचं सगळं विसरले. "खडाखडी चाललीय, एकमेकांचा अंदाज घेतायत. निळा मान खाली घालून रेटतोय, मान आपल्या हाताशी आहे. दाराकडं ढकलतोय. उंबऱ्यावर आला आपला. गेला बाहेर, एक गुण त्याला. परत मधोमध. निळ्यानं मान धरलीय, खाली ओढतोय..."

खांद्यावर हात पडला. म्हेत्रे बाई वाकून बघत होत्या.

"काय चाललंय ओ ताई?"

"घरी फोन आहे," मी म्हटलं. ते खरंच होतं.

त्या तिथंच उभ्या राहिल्या. आता थांबणं शक्य नव्हतं. मी आवाज आणखी उतरवला. "चुलीपाशी पाय धरला त्यानं. आपटलं खाली. पाठीवर बसलाय. आपला पोटावर पडून आहे, उठत नाही... उठला. उठला बघा."

म्हेत्रे बाईंचा चेहरा पार बदलला. त्या शेजारच्या खुर्चीवर टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, "घरी कुणाला मारायलेत का? भावाला? पोलिसाला सांगा की ओ. मी देऊ का नंबर?"

मला हसूही आलं आणि गलबलूनही आलं. मी नुसती मान हलवली. कानात आप्पा ओरडत होते, "तीन गुण गेलं! ह्यो काय करतोय? मान मिळाली व्हती न्हवं त्येला? ढाक का मारली न्हाई?"

ढाक हा सर्जाचा हुकमी डाव. समोरच्याची मान आणि हात उजव्या बगलेत आवळायचा आणि कमरेवरून भिरकावून द्यायचा. त्या ढाकेवरच तो इथवर आला होता.

"मिळाली होती मान. दोनदा मिळाली. मारली नाही."

"उजवा हात कुटं हाय त्येचा?"

मी बघितलं. "पोटाशी."

"आन कोपर?"

"बरगडीला चिकटलंय."

"मघापासनं तसंच?"

आता नीट बघितल्यावर मला दिसलं. "हो आप्पा. पहिल्यापासून."

मग आप्पा म्हणाले, "खांदा गेलाय. काल गेलाय. आन गाढव कुणाला बोललं न्हाई."

एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये तीन पंच होते, चार कॅमेरे होते, वर काचेच्या खोलीत बसून बोलणारे दोन तज्ज्ञ होते. कुणाला कळलं नव्हतं. पन्नास कोसांवर खाटेवर पडलेल्या आंधळ्या माणसाला कळलं. त्यांचा आवाज मात्र आता अगदी थंड होता. तालमीत कुणाला लागलं की यायचा तसा.

"शालन, ऐक. ह्यो ढाकंच्या आशेवर थांबलाय. दुसऱ्या फेरीत येळ संपत आली की जीव काढून ढाक मारणार, आन त्यो हात कायमचा जाणार. हातबी आन कुस्तीबी. त्येला सांगाय पायजे."

"मी कशी सांगू? मी कठड्यामागं आहे."

"मधी सुट्टी असती न्हवं? खाली पळ. डावाचं नाव घिऊ नको, समोरचा ऐकंल. नुसतं म्हण, प्लास्टरच्या सालावानी खेळ. कळंल त्येला."

मलाही कळलं. तेराव्या वर्षी सर्जा चिंचेवरून पडला आणि त्याचा उजवा हात मोडला. प्लास्टर घातलं तरी आप्पांनी त्याला तालमीतून सुट्टी दिली नाही. हात छातीशी बांधला आणि तीन महिने त्याच्याकडून एकच डाव घोटून घेतला. डाव्या पायाची टांग: समोरच्याच्या पायाआड पाय घालायचा आणि कमरेच्या हिसक्यानं पलीकडं टाकायचा. पुढं हात बरा झाला, ढाक सापडली आणि ती टांग मागं पडली.

"आप्पा, मी ओरडले की हे मला बाहेर काढतील. फोन घेतील. तुम्हाला पुढची कुस्ती ऐकायला मिळायची नाही."

या एका कुस्तीसाठी त्यांनी दोन बोटं कापलेला पाय घेऊन एकवीस दिवस खाटेवर काढले होते. पहिली फेरी संपत आली होती. निळा तीन, लाल शून्य.

"ऱ्हाऊ दे कुस्ती," आप्पा म्हणाले. "जा."

शिट्टी झाली. मी उठले, म्हेत्रे बाईंच्या गुडघ्यांवरून पाय टाकला आणि पायऱ्या उतरत सुटले. खाली लोखंडी कठडा होता. सर्जा पंधरा हातांवर स्टुलावर बसला होता, टॉवेलनं तोंड पुसत. टॉवेल डाव्या हातात. मी आयुष्यात कधी चारचौघांत ओरडले नव्हते.

"सर्जाऽऽ!"

त्यानं वर बघितलं. मला तिथं बघून तो इतका दचकला की टॉवेल खाली पडला. "अक्का?"

"आप्पा म्हणतात, प्लास्टरच्या सालासारखं खेळ! ऐकलंस का? प्लास्टरच्या सालासारखं! दुसरं काही करायचं नाही! आप्पांची शपथ आहे!"

तो बघतच राहिला. मग त्याचा डावा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला, आणि चोरी पकडली गेलेल्या पोरासारखी त्यानं मान खाली घातली. त्याला कळलं की नाही, हे बघायला मला वेळ मिळाला नाही. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण धावत आला. माझ्या हातातल्या फोनवर अजून आप्पांचा आवाज घुमत होता: "सांगितलंस का? काय म्हनला त्यो?"

"मॅडम, तुम्ही फोनवरून बाहेर वर्णन देताय? हे बेकायदेशीर आहे. हक्क आमच्या चॅनेलकडे आहेत."

"माझ्या बापाला सांगतेय मी."

"कुणालाही असो. ओ बाई, यांना बाहेर काढा. आणि फोन बंद करायला लावा."

म्हेत्रे बाई येऊन पोचल्या होत्या. त्यांनी एकदा मॅटवरच्या लाल पैलवानाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. भावाला कोण मारत होतं ते त्यांच्या आता ध्यानात आलं असावं. त्यांनी माझं कोपर धरलं आणि मला बाहेर चालवलं. बोळातून, जिन्यावरून, फाटकातून. मी मागं वळून बघत होते आणि त्या मला पुढं नेत होत्या. फाटकाबाहेर त्यांनी माझा हात सोडला.

"त्यानं फोन बंद करायला सांगितला," त्या म्हणाल्या.

"ऐकलं मी."

"आत. आत बंद करायचा म्हनला. हे बाहेर झालं की ओ," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं पाठ केली आणि फाटकाशी उभ्या राहिल्या.

फोन चालूच होता. माझ्यासमोर स्टेडियमची मागची भिंत होती, वर जाळीच्या खिडक्यांची ओळ. आतून शिट्टी ऐकू आली. दुसरी फेरी लागली होती.

"आप्पा," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. "काढलं मला बाहेर. मला काही दिसत नाही. नुसती भिंत आहे समोर."

"रडू नको. वर खिडकी हाय का?"

"आहे. जाळी आहे."

"फोन वर धर. हात उंच कर. आन आवाज मोठा कर, म्हंजी तुला माजं बोलणं ऐकू यील. तू गप ऱ्हा."

मी हात उंच केला. आत गलका होता, समुद्रासारखा सरसकट. मला त्यात काही कळत नव्हतं. पण माझ्या डोक्यावरून, वर धरलेल्या फोनमधून, आप्पा बोलायला लागले.

"खडाखडी. अजून कुनी हात घातला न्हाई, समदी बोलत्यात बग एकमेकात." थोडा वेळ गेला. "ह्या शिट्ट्या त्येंच्या. निळा आत घुसला. आपली गप हायती... गप हायती... आता बोलली. म्हंजी सुटला. सर्जा सुटला."

मी भिंतीकडं बघत उभी होते. रंग उडालेली भिंत. तिच्यावर मला मॅट दिसायला लागली.

"पुन्यांदा शिट्ट्या. पर बारीक. त्येला वाटतंय आपला दमला. येतोय वरून. येऊ दे. येऊ दे त्येला." आप्पांचा श्वास फोनमध्ये घुमत होता. "सर्जा मागं सरतोय. दाराकडं. सर. अजून सर. उंबऱ्याला जाऊ नको."

आणि एकाएकी आतला सगळा आवाज थांबला. इतका, की फाटकाशी उभ्या म्हेत्रे बाईंनीही वळून बघितलं.

"धरलं," आप्पा कुजबुजले. "दोघांनी धरलंय. कोन कुनाला, त्ये लोकांना कळंना. मला कळतंय. सर्जानं डावा पाय घातलाय आत. उजवा हात पोटाशीच हाय. ढाक न्हाई मारत. ऐकलं त्येनं तुजं, शालन. ऐकलं. आता कंबर फिरीव. फिरीव, बाळा. हिसका दे..."

आत कुणीतरी एकटंच "भ..." म्हणाल्याचं मला वाटलं.

"टाकला!" आप्पा ओरडले.

त्यांच्या मागोमाग आतून तो आवाज आला. "भलेऽऽ!" तीस माणसांचा आवाज हजारांत ओळखू यावा असा. मग शिट्टी, मग भोंगा, मग सगळं स्टेडियम. माझा हात अजून वरच होता आणि तो खाली घ्यायचं मला सुचत नव्हतं.

"चारी मुंड्या चीत," आप्पा म्हणाले. "बगितलंस का? चुलीकडं डोकं, दाराकडं पाय."

"बघितलं," मी म्हटलं.

म्हेत्रे बाई आत डोकावून आल्या. "लालवाला जिंकला बगा," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "तुमचा भाऊ ना ओ?"

*

सर्जा हात गळ्यात बांधून घरी आला. गावानं त्याची मिरवणूक काढली, आणि आप्पांनी आधी त्याच्या मुस्काटात एक ठेवून दिली, खांद्याचं लपवलं म्हणून. मग तोंडावरून हात फिरवत किती तरी वेळ बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी दुधाचा तांब्या घेऊन निघाले तेव्हा आप्पा खाटेवरून म्हणाले, "पायरीवर ठिवू नको. आत नेऊन दे." मी आत गेले. माती पायाला गार लागली. पुढची चार वर्षं आप्पा होते. माणसं भेटायला आली की ते ती फायनल सांगायचे, आणि दुसऱ्या फेरीला आले की म्हणायचे, "हिकडनं पुढं शालननं बगितलीया, तिलाच इचारा." मग मी सांगायची, जशी त्यांनी मला दाखवली तशी.

आता सर्जाच तालीम चालवतो. त्या कंपनीचा करार केव्हाच संपला. ती कुस्ती आता कुणालाही फुकट बघायला मिळते. गेल्या महिन्यात सर्जाच्या पोरीनं ती मोबाईलवर लावली आणि माझ्यासमोर धरली. पहिली फेरी मी बघितली. निळा तीन, लाल शून्य. कठड्याशी पदर सुटलेली, तोंड वासून ओरडणारी एक बाई क्षणभर दिसली, ती मीच. मग मी मोबाईल पालथा ठेवला.

"आत्या, पुढं बग की," पोरगी म्हणाली.

"बघितलंय मी."

सर्जा जोर मारून नुकताच आला होता, घाम पुसत उभा होता. मोबाईलकडं बघून तो जरा घुटमळला. "अक्का, लई दिवस सांगीन म्हणतोय," तो म्हणाला, "त्यो शेवटचा डाव टांग न्हवता. टांग फसली माजी, आन..."

"सर्जा," मी म्हटलं, "गप बस आणि दूध पी."